दोन विहिणी आणि एक मनगट

४ जून

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, सगळे खुशाल आहेत. फोनवर माझं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर एका बोटाने टकटक करत बसायला मला जमत नाही. शिवाय माझा मोबाइल बिघडला की तुमची लेकच तो नीट करते, म्हणजे लिहिलेलं आधी तिच्या नजरेस पडायचं. म्हणून कागद.

शाळेत कवायत शिकवण्यात माझा जन्म गेला. निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आले तरी कोण किती हलतं, कोण कुठे अंग चोरतं, यावर माझी नजर जातेच. सवय आहे, काय करणार.

सूनबाई स्वभावाने गोड आहे. पण हल्ली कुठल्याही कामाला हात लावायचं नाव नाही. बरणीचं झाकण उघडायचं असलं की नवऱ्याला हाक. भाजी चिरायची असली की "आई, तुम्हीच चिरता का, तुमची बारीक होते." ओले कपडे पिळायचे तर ते तसेच ठिबकत दोरीवर. परवा काचेचा जग हातातून सुटून फुटला, तर "निसटला" एवढंच म्हणून आत गेली. काचा मी गोळा केल्या. आमचे चिरंजीव, ज्यांनी उभ्या आयुष्यात कधी कांद्याचं साल काढलं नव्हतं, ते आता संध्याकाळी पीठ मळतात.

स्पष्टच विचारते, राग मानू नका. माहेरी तिला घरकामाची सवय होती ना?

तुमच्या लेकीची सासू

*

११ जून

ताईंना नमस्कार.

"राग मानू नका" असं लिहून जे लिहिलं जातं, त्याचा राग येतोच. आला. म्हणून पत्र दोन दिवस शिवणाच्या टोपलीखाली ठेवलं होतं.

माझ्या ठकीला सगळं येतं. मी कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला होते. एका दालनात शंभर मशीन, आणि सगळ्या एकदम सुरू. घरी यायला अंधार पडायचा. स्वयंपाक, भांडी, माझ्या दुखऱ्या पायांना तेल, सगळं ती पोर करायची. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात का बोलतात, असं मला वाटायला लागलं तेव्हा माझे कान गेलेत हेही आधी तिच्याच लक्षात आलं.

ती हे काम शिकली ते त्यामुळेच. तुम्ही एका घरात राहता, पण ती काय करते हे तुम्हाला नीट माहीत नसावं. कॉलेजातल्या ज्या मुलांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी ती कानाला हेडफोन लावून घरी बसते. शिकवणारे बोलतील ते तिकडे बोलत असतानाच टाइप करते, आणि ते शब्द वर्गात त्या मुलांसमोरच्या पडद्यावर उमटतात. बोलणारा थांबत नाही, म्हणून तिलाही थांबता येत नाही. एकदा आमच्या गावात एका जाहीर सभेत तिने हे काम केलं. मी पहिल्या रांगेत होते. किती तरी वर्षांनी मला सभेतला विनोद सगळ्यांबरोबर कळला आणि मी सगळ्यांबरोबर हसले.

माझी लेक कामचुकार निघाली तर मला कळवा, मी येऊन तिचा कान पिळीन. पण आधी एकदा तिच्या शेजारी बसून तिचं काम बघा.

तुमच्या सुनेची आई

*

२३ जून

विहीणबाई,

तुम्ही सांगितलंत तसं बघितलं. पेपर वाचायचं निमित्त करून सकाळभर तिच्यासमोर बसले.

जेवणाचं टेबल तिच्यासाठी फार उंच आहे. त्यावर तो लॅपटॉप. खांदे कानांपर्यंत चढलेले, मनगटं मागे मोडलेली आणि टेबलाची धार बरोबर मनगटावर रुतलेली. माझ्या वर्गात एखादी मुलगी अशी उभी राहिली असती तर मी शिट्टी मारून तिला रांगेबाहेर काढलं असतं. शेजारी पाण्याचा पेला भरून ठेवलेला, तो तास संपेपर्यंत तसाच. तास संपला तशी तिने दोन्ही हात ओले असल्यासारखे झटकले. उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने एकेक करून सरळ केली. मग माझ्याकडे लक्ष गेलं आणि हसली.

मी जाऊन हात हातात घेतला. विचारलं, "इथे टोचलेलं कळतं का?" अंगठा, पहिलं बोट आणि मधलं, तिन्हींना नख लावून पाहिलं. म्हणाली, "मुंग्या आहेत जरा. जातात." दात ती डाव्या हाताने घासते, हेही दुसऱ्या दिवशी पाहिलं.

मी तिला अंगचोर समजले. चूक झाली. एवढंच लिहून पुढे जाते, कारण आता काम आहे. तिला मऊ रबरी चेंडू आणून दिलाय, तो दिवसातून चार वेळा दाबायचा. शिवाय पाण्याची बाटली धरून मनगट वर-खाली. हातात ताकद नाही म्हणून हे होतंय. शाळेतल्या किती लेचापेच्या पोरी मी उभ्या केल्या आहेत. ही तर माझ्या घरातली.

तुमच्या लेकीची सासू

*

२९ जून

ताई,

तुमचं पत्र वाचून मी लगेच ठकीला मोबाइलवर विचारलं. उत्तर आलं, "हात मस्त आहे गं, आईंना उगाच काळजी." मला ताकास तूर लागू देत नाही ती.

कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर एक बाई होती. काजं करायची. तिलाही मुंग्याच यायच्या. मनगटाला चिंधी घट्ट बांधून ती काम करत राहिली. पुढे तिला स्वतःच्या नातवाच्या सदऱ्याचं बटण लावता येईना. बोटांत सदऱ्याचं कापड आहे की नाही, हेच तिला कळत नसे. आणि काजं तर तिने हजारोंनी केलेली.

चेंडू नको, डॉक्टर. कवायतीने पोरी सुधारतात हे खरं असेल. दुखावलेलं मनगट सुधारतं का, हे मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही.

तुमच्या सुनेची आई

*

१५ जुलै

विहीणबाई,

तुमचं पत्र हातात पडलं तोवर चेंडूने आपलं काम करून ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात मी बाजारातून आले तर सूनबाई आमच्याच दारासमोर, कुलपाला किल्ली लावून उभी. किल्ली फिरवता येत नव्हती. डोळ्यांत पाणी होतं, पण मला म्हणाली, "कुलूप गंजलंय." मी किल्ली घेतली. कुलूप लोण्यासारखं उघडलं. आम्ही दोघी तशाच रिक्षात बसलो आणि दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी तपासून व्यायामोपचाराच्या बाईंकडे पाठवलं. वयाने माझ्या विद्यार्थिनीसारख्या, पण मला चांगलं झापलं. बोटांकडे जाणारी नस मनगटात एका अरुंद जागेतून जाते. भोवती सूज आली की ती चेपते. सूज असताना चेंडू दाबणं म्हणजे आधीच भरलेल्या डब्यात आणखी माणसं कोंबणं, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, "बरी होईल ना?" त्या म्हणाल्या, "आत्ता वेळेत आलात. असंच चालू ठेवलं तर अंगठ्याखालचा स्नायू झडायला लागतो. तो परत भरेलच असं मी सांगू शकत नाही."

आता मी काय केलं ते ऐका. सुताराला बोलावून जेवणाच्या टेबलाचे पाय कापले. बसल्यावर कोपर जिथे येतं, तिथे कीबोर्ड आला पाहिजे. मनगट हाताच्या रेषेत सरळ, खांदे सैल, कीबोर्डखालच्या त्या छोट्या टांगा मिटलेल्या, माउस हाताशी. लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढवून डोळ्यांसमोर आणला, टाइप करायला वेगळा कीबोर्ड घेतला. झोपताना मनगटाला पट्टा. चिरंजीव ऑफिसातून आले, जेवायला बसले आणि म्हणाले, "आई, टेबल खाली गेलंय की मी उंच झालोय?" त्यांना म्हटलं, गप जेवा.

पण बाईंनी सांगितलेली मुख्य गोष्ट माझ्या हातात नाही. थोड्या थोड्या वेळाने थांबायचं. दुखायला लागल्यावर नव्हे, त्याआधी. आणि इथेच सगळं अडलं. या कामाला दोघी असतात, एकीने थोडा वेळ लिहायचं, मग दुसरीने. हिच्या जोडीची बाई नोकरी सोडून गेली त्याला कित्येक महिने झाले. कंपनीने बदली माणूस दिला नाही आणि हिने कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा "ती रजेवर आहे" म्हणून सांगत होती.

मी म्हटलं, "कंपनीला सांग, मला थांबायला हवं."

म्हणाली, "मी थांबले की पडदा कोरा होतो, आई. कायद्याच्या वर्गात एक मुलगी आहे. शिकवणारे बोलत राहतात आणि ती नुसती त्यांच्या ओठांकडे बघत बसते. मी माझ्या आईला तशी बसलेली पाहिली आहे. मला नाही जमणार."

विहीणबाई, याचं उत्तर तुमच्याकडे असलं तर द्या.

तुमच्या लेकीची सासू

*

२७ जुलै

ताई,

उत्तर आहे. देऊनही आले.

ठकी घरी बसून काम करत असली तरी तिच्या कंपनीचं ऑफिस आमच्या गावात आहे, हे तिने मला मागे कधी तरी सांगितलं होतं. आमचं ऐकू न येणाऱ्यांचं एक मंडळ आहे, वाचनालयात जमतो. त्यांना मी सगळं सांगितलं. म्हटलं, आपल्यासारख्यांना वाचायला मिळावं म्हणून एक पोर हात गमावून बसणार आहे, हे आपल्याला चालणार आहे का? त्यांतले चौघे लगेच चपला घालून उभे राहिले.

व्यवस्थापक तरुण आहे, सभ्य आहे. खुर्च्या दिल्या आणि बोलायला लागला. आम्ही पाचही जण त्याच्याकडे बघत राहिलो. तो आणखी मोठ्याने बोलला. मग मी वही पुढे सरकवली आणि सांगितलं, "लिहा."

त्याने लिहिलं, "दुसरी व्यक्ती मिळत नाही. तुमच्या मुलीने कधी तक्रार केलेली नाही."

आमच्यातले एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. त्यांनी खाली लिहिलं, "तक्रार आमची आहे. आम्ही वाचणारे."

त्याने लिहिलं, "मग मधे मधे मजकूर थांबेल. वाचणाऱ्यांना ते चालेल का?"

मी लिहिलं, "चालेल. शिकवणाऱ्यांनाही तेवढा वेळ थांबायला सांगा. एका दमात तासभर ऐकून ऐकणाऱ्यांना तरी कुठे सगळं कळतं. आम्हाला थांबण्याची सवय आहे. लिहिणारी कायमची गेली तर मात्र आमच्याकडे काही उरत नाही."

तो लिहीत गेला, आम्ही उत्तर देत गेलो. इतकं हाताने लिहायची त्याला सवय नसावी. एका पानानंतर त्याने पेन खाली ठेवून हात झटकला. आम्ही पाचही जणांनी त्या हाताकडे पाहिलं. त्यालाही ते कळलं आणि तो ओशाळला. दुसरी व्यक्ती लवकरात लवकर देतो आणि तोपर्यंत तासाच्या मधे विश्रांती ठरवून देतो, असं लिहून त्याने सही केली.

ठकीला अजून सांगितलेलं नाही. आधी विचारलं असतं तर तिने नाही म्हटलं असतं.

तुमच्या सुनेची आई

*

६ ऑगस्ट

विहीणबाई,

तिला कळलं, आणि तुम्ही सांगण्याआधी कंपनीने कळवलं.

त्यांनी लिहिलं की मनगट पूर्ण बरं झाल्याचं डॉक्टरांचं पत्र येईपर्यंत तुम्हाला कामावरून मोकळं करत आहोत. बिनपगारी. बदली माणूस अजून मिळालेला नाहीच. म्हणजे त्या कायद्याच्या मुलीसमोरचा पडदा आता पूर्णच कोरा. विश्रांतीची सही केली आणि सुट्टीच देऊन टाकली.

सूनबाईने पत्र दोनदा वाचलं. मग मला म्हणाली, "तुम्हा दोघींना मी काही विचारलं होतं का?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. तुम्ही तिकडे जाणार हे मला ठाऊक नव्हतं, हे मी तिला सांगितलं नाही. ठाऊक असतं तर मीही आले असते.

ती उद्याच्या गाडीने तुमच्याकडे येते आहे. भांडायला येते आहे, तयारीत राहा. मनगटाचा पट्टा तिने मुद्दाम कपाटात ठेवला होता. तो मी बॅगेच्या तळाशी, टॉवेलमध्ये गुंडाळून घातलाय. झोपताना बांधते की नाही, एवढं बघा.

तुमच्या लेकीची सासू

*

२४ ऑगस्ट

ताई,

पट्टा बांधते. पहिले काही दिवस मी बांधला, कारण ती हात पुढे करून तोंड फिरवून बसायची. आता स्वतः बांधते.

भांडण झालं. माझ्याशी भांडायचं तर माझ्यासमोर बसून, ओठ नीट हलवून, सावकाश भांडावं लागतं. त्यात रागाचा निम्मा दम निघून जातो. लहानपणापासून तिची हीच तक्रार आहे.

म्हणाली, "माझी नोकरी गेली असती."

मी म्हटलं, "हो. गेली असती."

"आणि त्या मुलीचं काय? तू तिच्या जागी असतीस तर?"

"मी तिच्याच जागी आहे. म्हणून गेले. तिला विचारलंस का कधी, तुझ्या हाताच्या बदल्यात तिला हे हवंय का?"

त्यावर उठून गेली. पण विचारलं असावं. चार दिवसांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. त्या मुलीचं उत्तर होतं. वर्गातल्या मैत्रिणी आपापल्या वह्या तिला देतात, शिकवणारे आता फळ्यावर जास्त लिहितात, कसंबसं निभतं आहे. आणि शेवटी लिहिलं होतं, "ताई, तुमचा हात दुखतो हे मला का नाही सांगितलंत? मला वाटायचं, हे शब्द आपोआप येतात."

ते शेवटचं वाक्य ठकीने पुन्हा पुन्हा वाचलं. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मशीनवरच्या बायकांना गिऱ्हाइकाने कधी पाहिलेलं नसतं, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या लेकीच्या बाबतीतही तसंच होत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मुंग्या कमी आहेत. मधलं बोट अजून बधिर असतं. बाईंनी दिलेले हलके व्यायाम करते, मान आणि खांद्यांचेसुद्धा. काल कंपनीत जाऊन आली. मी बरोबर येऊ का म्हटलं, तर म्हणाली, "नको. आता मी बोलते." काय बोलली ते तीच तुम्हाला सांगेल. चेहऱ्यावरून काम झालेलं दिसत होतं.

तुमच्या सुनेची आई

*

१९ ऑक्टोबर

विहीणबाई,

सूनबाई कामावर रुजू होऊन आता बरेच दिवस झाले, म्हणून सगळं एकदम लिहायला बसले आहे.

तुमच्याकडून ती कंपनीत गेली त्या दिवशी व्यवस्थापकाने तिला म्हटलं होतं म्हणे, "तुमच्यासाठी सोय करतो. बाकी कुणाची तक्रार नाही." ही म्हणाली, "बाकीच्यांची मनगटं मी विचारली आहेत. दुखतात अशा तिघींची नावं सांगू का? त्यांच्या डॉक्टरांची बिलं यायच्या आधी ठरवा." सुट्टीत बसून हिने सगळ्या लिहिणाऱ्यांना संदेश पाठवले होते, हे तिने तुम्हाला सांगितलं होतं का? मला नव्हतं सांगितलं. आता कुठलाही तास एकटीने घ्यायचा नाही, असा नियम झालाय. सगळ्यांसाठी. तो होईपर्यंत हिने रुजू व्हायला नकार दिला, आणि तेवढे दिवस घरात एकच पगार होता. चिरंजीव एका शब्दाने कुरकुरले नाहीत. कांदासुद्धा आता न रडता चिरतात.

हिची जोडीदार नवी आहे, वेगाने लिहिणारी आणि आपल्याला काही होणार नाही असं वाटणारी. सूनबाई तिला लॅपटॉपवर बघते आणि रागावते. परवा मी स्वयंपाकघरातून ऐकलं, "मनगट उचल. आता नाही दुखत ना, म्हणून आत्ता सांगते." माझ्या शाळेत असती तर हिला मी मॉनिटर केलं असतं.

हात पूर्वीसारखा झालाय असं खोटं लिहिणार नाही. थंड पाण्यात घातला की मधल्या बोटाला अजून मुंग्या येतात. जड बादली ती उचलत नाही, आणि उचलत नाही हे आता उघड सांगते. व्यायामोपचाराच्या बाई म्हणतात, नस सावकाश बरी होते, घाई करू नका. ऑपरेशन टळलं आहे, आणि जोडीने लिहायचं असेल तर चालेल असं डॉक्टरांनी कंपनीला लिहून दिलं.

कायद्याची ती मुलगी पुढच्या वर्गात गेली. तासाच्या मधे लिहिणारी बदलते तेव्हा ती आता शिकवणाऱ्यांना हात वर करून खूण करते. ते थांबतात. सगळा वर्ग थांबतो. सूनबाई म्हणते, तेवढ्या वेळात इतर मुलंही हात-पाय ताणून घेतात.

आणखी पुष्कळ लिहायचं होतं. तुम्ही दिवाणखान्याच्या पडद्यांचं कापड विचारलं होतंत, मंडळाच्या पोस्टमास्तरांची तब्येत विचारायची होती. पण सूनबाई मघापासून टेबलाशी येऊन उभी आहे. विचारते, "आई, किती वेळ लिहिताय?" मी म्हटलं, शेवटचंच पान. म्हणाली, "मीही असंच म्हणायचे. हात दाखवा." दाखवला. अंगठ्यापाशी दाबून बघितलं तिने, आणि मी शाळेत ज्या आवाजात बोलायचे त्याच आवाजात म्हणाली, "पेन खाली."

ठेवते.

तुमच्या लेकीची सासू